चार उपग्रह, चार अंदाज: सिम्युलेशनच्या प्रकल्प नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

विषय एकदाचा मंजूर झाला. जमिनीपासून ५०० किमीवर चार छोटे उपग्रह, एकमेकांपासून साधारण किलोमीटरभर अंतरावर. प्रत्येकाने बाकीचे तिघे कुठे आहेत ते स्वतःचं स्वतः ओळखायचं. उपग्रह आपण बनवत नाही. त्यांना एकमेकांची जागा सांगणारी नेव्हिगेशन प्रणाली लिहायची आणि ती सिम्युलेशनमध्ये पिळून काढायची, एवढंच काम.

शेजारच्या ग्रुपचा विषय पॉवरलूमचा धागा तुटला की मोटर थांबवणारा सेन्सर. सोलापुरात हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतोच आणि दरवर्षी तो उपयोगी असतो. आम्हाला मात्र एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) विचारणार, "याचा इथं काय उपयोग?" तेव्हा श्रीहरिकोट्याकडे बोट दाखवायचं ठरलंय. ५ डिसेंबरला पीएसएलव्ही-सी५९ ने युरोपचा प्रोबा-३ सोडला. त्यात दोन याने आहेत आणि ती १५० मीटर अंतर ठेवून मिलिमीटरच्या अचूकतेने एका रेषेत उडणार आहेत. म्हणजे एकाने सूर्य झाकायचा, दुसऱ्याने त्याच्या सावलीतून सूर्याचा प्रभामंडल बघायचा. तीन दिवसांपूर्वी, ३० डिसेंबरला, सी६० ने इस्रोचे स्पेडेक्सचे दोन उपग्रह नेले, प्रत्येकी सुमारे २२० किलो, आणि ते एकमेकांना जोडायचे आहेत. एका महिन्यात दोन उड्डाणं, दोन्हींचा जीव एकाच प्रश्नात: दुसरा नेमका कुठे आहे?

गाइड मॅडमनी पहिल्याच मीटिंगला एक नियम घातला. खरी गती काढणारा प्रोग्राम एकाने लिहायचा, अंदाज बांधणारा फिल्टर दुसऱ्याने. "फिल्टर लिहिणाऱ्याने सत्याच्या फोल्डरमध्ये डोकवायचं नाही. एकाच डोक्यातून दोन्ही निघाले की पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच. पैकीच्या पैकी मार्क पडणार, त्याला काय अर्थ?"

सत्य, म्हणजे खरी गती काढणारा प्रोग्राम, बार्शीवाल्याकडे. फिल्टर माझ्याकडे. कॅमेरा अक्कलकोटवाल्याकडे. उपग्रहांमधली बातचीत आणि बोर्ड पंढरपूरवालीकडे. बेसिलिस्क नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातलं, पायथॉनमधून चालवता येतं. ते शेवटी ताळा करायला ठेवायचं. आधी हाताने लिहायचं.

५ जानेवारी, रविवार

आज फक्त कागद-पेन. ५०० किमीवर एका फेरीला ९४.६ मिनिटं, वेग सेकंदाला ७.६ किमी. सापेक्ष गतीची समीकरणं हिल यांची, १८७८ सालची, चंद्रासाठी काढलेली. क्लोहेसी आणि विल्टशायर यांनी १९६० मध्ये ती उपग्रहांच्या भेटीसाठी वापरली.

पाठ करून ठेवायची गोष्ट एकच. दोन कक्षांच्या अर्धदीर्घ अक्षांत (म्हणजे कक्षेच्या आकारात) थोडाही फरक असला तर एका फेरीत त्याच्या साधारण ९.४ पट अंतर पुढे-मागे सरकतं. फरक १० मीटर असला तर फेरीला ९४ मीटर, दिवसाला पंधरा फेऱ्या, म्हणजे जवळपास १.४ किमी. सकाळी सोबत उडत होते आणि रात्री सोबत नाहीत. म्हणून जागा ओळखून भागत नाही, वेग फार बारीक ओळखावा लागतो.

९ जानेवारी, गुरुवार

स्पेडेक्सची जोडणी पुढे ढकलली. दोन उपग्रहांमधलं अंतर २२५ मीटरवर आणताना, ते नजरेआड असण्याचा काळ संपल्यावर पाहिलं तर अपेक्षेपेक्षा जास्त सरकलेले निघाले.

कॅन्टीनमध्ये "फसलं की ओ" असा सूर होता. मला उलट वाटलं की आमच्या टेस्टच्या यादीतली सगळ्यात मोठी ओळ आज इस्रोनेच लिहून दिली. ५०० किमीवरचा उपग्रह एका ग्राउंड स्टेशनला एका फेरीत जास्तीत जास्त दहा-बारा मिनिटं दिसतो. उरलेल्या वेळात तो काय करतो ते फक्त त्यालाच ठाऊक. तेव्हा सिम्युलेशनमध्ये नजरेआडचे तुकडे मुद्दाम घालायचे: मोजमाप बंद, इंजिनाची छोटी फुंकर अधेमधे, आणि तुकडा संपल्यावर फिल्टरला विचारायचं की आता कुठे आहेस आणि किती खात्री आहे. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. "मला नक्की माहीत नाही, पन्नास मीटर इकडेतिकडे" असं सांगणाऱ्या फिल्टरशी निभावता येतं. पन्नास मीटर चुकून "दोन मीटर" म्हणणारा दुसऱ्या उपग्रहावर जाऊन आदळेल.

१२ जानेवारी, रविवार

आज स्पेडेक्स १५ मीटरपर्यंत, मग ३ मीटरपर्यंत आणले आणि परत सुरक्षित अंतरावर नेले. तीन मीटरवरून माघार घेता येते, हे मला जोडणीइतकंच मोठं वाटतं. त्यांच्याकडे अंतर बदलेल तसे सेन्सर बदलतात. लांबून जीएनएसएसच्या (जीपीएससारख्या प्रणालींच्या) मोजमापांची वजाबाकी, जवळ आल्यावर लेझर, अगदी जवळ आणखी वेगळे. एका सेन्सरवरून दुसऱ्यावर जाताना फिल्टरला झटका बसतो का, ही टेस्ट यादीत घातली.

१६ जानेवारी, गुरुवार

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस कॉलेजचं नाव नाही. अक्षता सोहळ्याला बार्शीवाला आमच्याकडेच उतरला होता, लॅपटॉप घेऊन आलेला, उघडला नाही. आज सकाळी बातमी: स्पेडेक्स जोडले गेले. यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला गर्दी नेहमीचीच. कोड उद्यापासून.

२२ जानेवारी, बुधवार

आजची नोंद लांब होणार, कारण सात सेंटिमीटर.

बार्शीवाल्याच्या सत्यात पृथ्वी चपटी आहे (विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किमी जास्त), हवेचा घर्षणरोध आहे, चारही उपग्रहांचे सौर पंख वेगवेगळ्या कोनात. माझ्या फिल्टरमध्ये फक्त क्लोहेसी-विल्टशायर. आधी सगळं बंद करून सोपी टेस्ट घेतली: गोल पृथ्वी, हवा नाही, दोन उपग्रह एकाच वर्तुळावर, एकामागे एक, एक किलोमीटर. असे उपग्रह जन्मभर तेवढ्याच अंतरावर राहणार. मोजमाप पहिल्या क्षणी एकदाच दिलं आणि फिल्टरला एका फेरीचा अंदाज बांधायला लावला. फिल्टर म्हणाला, पुढचा उपग्रह आणखी २.७ मीटर पुढे जाईल.

ना आवाज, ना बिघाड, ना हवा. मग २.७ आले कुठून?

फिल्टरची पट्टी सरळ आहे, कक्षा वाकडी आहे. मागच्या उपग्रहापासून सरळ स्पर्शरेषा काढली तर एक किलोमीटरवर कक्षा त्या रेषेच्या खाली गेलेली असते. किती? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येच्या दुप्पट, ७.३ सेंटिमीटर. फिल्टरच्या लेखी तो उपग्रह ७.३ सेंटिमीटर खालच्या कक्षेत आहे, खालचा पुढे पळतो, आणि स्थिर दिसणाऱ्या खालच्या उपग्रहाचं सरकणं एका फेरीत त्या खोलीच्या जवळपास ३८ पट. ७.३ गुणिले ३८. हिशेब चोख, समज चुकीची.

आणि हे अंतराच्या वर्गाने वाढतं. दहा किलोमीटरवर तीच चूक फेरीला २७० मीटरच्या पुढे जाते. उपाय जुनाच आहे: अंतर सरळ रेषेत न मोजता कंसावर मोजायचं, उंची त्रिज्येच्या दिशेने. समीकरणं तीच राहतात, फक्त अक्ष वाकवायचे. वाकवले, २.७ गेले.

नियमाचा फायदा इथे कळला. मीच दोन्ही लिहिलं असतं तर सत्यातही सरळ पट्टीच असती, दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळले असते, आणि आलेख बघून आम्ही चहाला गेलो असतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

चपटी पृथ्वी आणि हवा चालू. सरासरी चूक अर्ध्या मीटरच्या आसपास. अक्कलकोटवाला खूश, "लै भारी आलंय, रिपोर्टमध्ये घालू." मॅडमनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "एनईईएस किती?"

एनईईएस म्हणजे चूक तिच्याच जाहीर केलेल्या अनिश्चिततेने भागून, वर्ग करून. तीन जागेचे आणि तीन वेगाचे असे सहा आकडे आपण ओळखतोय, तर प्रामाणिक फिल्टरची सरासरी सहा यायला हवी. शंभर वेगवेगळ्या नशिबांनी चालवली तर ती ५.३ ते ६.७ मध्ये बसायला हवी, ९५ टक्के वेळा. सहाच्या फार वर म्हणजे फिल्टर फाजील आत्मविश्वासाचा, फार खाली म्हणजे उगाच भित्रा.

आमची विशीच्या पुढे. चूक अर्धा मीटर, पण फिल्टर सांगतोय वीत. हवेचा फरक त्याच्या मॉडेलमध्ये नाही आणि तो नसल्याची कबुलीही नाही. ती कबुली प्रोसेस नॉइजमधून, म्हणजे मॉडेलवरच्या अविश्वासाच्या आकड्यातून, द्यायची असते. किती द्यायची हे बार्शीवाल्याला विचारायला बंदी, त्यामुळे घर्षणरोधाचा अंदाज स्वतः बांधून, तिथून सुरुवात करून, सरासरी पट्ट्यात येईपर्यंत वाढवली. चूक किंचित वाढली. आता आलेखात ती तीन-सिग्माच्या (जाहीर अनिश्चिततेच्या तिपटीच्या) रेषांच्या आत चालते, आणि त्या रेषा नजरेआडच्या तुकड्यात कर्ण्यासारख्या उघडतात. आधीचा आलेख दिसायला देखणा होता, पण विश्वास मी याच्यावर ठेवीन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर चालवायला लावलेलं काम पहाटे लाइट गेल्यामुळे मधेच थांबलं. लॅबच्या यूपीएसची बॅटरी नावाला आहे. काही बिघडलं नाही, प्रत्येक रनचा सीड (त्यातले यादृच्छिक आकडे ठरवणारा सुरुवातीचा आकडा) आणि निकाल वेगळ्या फाइलीत लगेच जातो, थांबलं तिथून पुढे सुरू. सीड जपण्याचं खरं कारण लाइट नाही. शंभरातला एखादाच रन वाकडा जातो, आणि तोच पुन्हा जसाच्या तसा चालवता आला नाही तर त्यातून काही शिकता येत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कॅमेऱ्याचा दिवस. प्रश्न असा: रेडिओवरचं अंतर मोजणं बंद पडलं आणि फक्त कॅमेरा उरला तर? नासाच्या स्टारलिंग मोहिमेत, जुलै २०२३ मध्ये सोडलेल्या चार क्यूबसॅटवर, असाच प्रयोग आहे. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सोबत्याचा ठिपका दिसतो, त्या दिशेवरून सगळं ओळखायचं.

अक्कलकोटवाल्याने एक सुरेख टेस्ट बनवली. दोन सत्यं घेतली. दुसऱ्यात सुरुवातीचं प्रत्येक अंतर आणि प्रत्येक वेग पहिल्याच्या बरोबर दुप्पट. दोन्हींतून कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दिशा काढल्या. समीकरणं रेषीय असल्यामुळे गती सगळीच दुप्पट होते आणि दिशा तशाच्या तशा राहतात. आलेखाच्या दोन रेषा एकमेकींवर बसल्या, वेगळा रंग देऊनही खालची दिसेना. म्हणजे उपग्रह ५०० मीटरवर आहे की १००० वर, हे कितीही फोटो काढले तरी सांगता येणार नाही. फिल्टर कितीही हुशार असला तरी.

मग त्याने तीच टेस्ट बार्शीवाल्याच्या खऱ्या वाकड्या कक्षेत घेतली. रेषा अगदी बारीक सुटल्या. ते सात सेंटिमीटर परत आले! एक किलोमीटरवरचा सोबती स्पर्शरेषेच्या खाली १५ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) दिसतो, ५०० मीटरवरचा साडेसात. खाली दिसूनही तो पुढे पळत नाही, म्हणजे ते खाली असणं खोलीचं नाही, कक्षेच्या वाकाचं आहे, आणि त्या वाकात अंतर लपलेलं आहे. जानेवारीत जी गोष्ट काढून टाकायला धडपडत होतो तीच इथे एकमेव खबर देणारी. पण १५ आर्कसेकंद आमच्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलहून कमी. एक किलोमीटरवर तिच्या भरवशावर राहता येणार नाही. तेव्हा दुसरा मार्ग: आपणच इंजिनाची माहीत असलेली फुंकर मारायची. फुंकर दुप्पट झालेली नसते, त्यामुळे दुप्पटीचा खेळ मोडतो. ती चालू केल्यावर अंतराची अनिश्चितता झपकन खाली आली. इंधन जातं, हे खरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चौघांना बोलतं केलं. वर्तुळात: पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, चौथा परत पहिल्याला. प्रत्येकजण आलेला अंदाज आपल्यात मिसळतो. पंढरपूरवालीने मोजमापं पूर्ण बंद ठेवून नुसती बातचीत चालू ठेवली. काहीही नवीन माहिती येत नसताना चौघांची अनिश्चितता भराभर खाली गेली.

गल्लीत एखादी बातमी आपणच सोडावी, ती तीन तोंडांतून फिरून परत आपल्या कानावर यावी आणि आपण म्हणावं, "बघा, तिघं तेच सांगतायत," तसलाच प्रकार. एकच अंदाज स्वतंत्र समजून स्वतःतच मिसळला तर दर वेळी व्हेरियन्स (सिग्माचा वर्ग) निम्मा होतो. दोन मीटरचा सिग्मा दहा वेळा असा मिसळला की कागदावर सहा सेंटिमीटर, चूक मात्र दोन मीटरच. एनईईएस आलेखाबाहेर गेली.

यावर ज्युलियर आणि उलमान यांची १९९७ ची युक्ती आहे, कोव्हेरियन्स इंटरसेक्शन. दोन अंदाजांत किती सामायिक आहे ते माहीत नसेल तर वाईटात वाईट धरून मिसळायचं. स्वतःचीच बातमी परत आली तर काही बदलत नाही. लावली, मोजमापं बंद असताना अनिश्चितता जागची हलेना, जसं व्हायला हवं तसं. किंमत अशी की खरी नवी माहितीही थोडी कमी मानली जाते. चौघं बोलूनही फायदा जेमतेम. पंढरपूरवालीला हे पटलेलं नाही. "मग बोलायचं तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. परवा महाशिवरात्रीची सुट्टी, त्यानंतर बघू.

६ मार्च, गुरुवार

आता फिल्टर चार ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर, सत्य लॅपटॉपवर. दुपारी लॅबमध्ये पत्र्याखाली बसवत नाही, सकाळीच उरकतो.

दोन गोष्टी टिपून ठेवते.

या चिपमध्ये दशांशाचं हार्डवेअर फक्त सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे साधारण सात अंकी अचूकतेचं. पृथ्वीच्या केंद्रापासून ६८,७८,००० मीटर हा आकडा त्यात साठवला तर शेजारचा आकडा अर्धा मीटर लांब असतो. दोन उपग्रहांच्या जागा अशा साठवून वजाबाकी केली की सापेक्ष जागा अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांनी चालते. आलेखावर खरंच पायऱ्या दिसल्या. लॅपटॉपवर डबलमध्ये (दुप्पट बिटांत) हे कधीच दिसलं नसतं. वजाबाकी डबलमध्ये, बाकी सगळं सापेक्ष आकड्यांत सिंगलमध्ये, असं वाटून घेतलं.

दुसरी गोष्ट घड्याळं. सेकंदाला ७.६ किमी वेग असताना वेळेची नोंद एक मिलिसेकंद चुकली तर जागा ७.६ मीटर चुकते. जीपीएस चालू असेपर्यंत तोच वेळ देतो. जीपीएस बंदच्या टेस्टमध्ये बोर्ड आपापल्या क्रिस्टलवर. दोन क्रिस्टलमध्ये २० पीपीएम (दहा लाखांत वीस) फरक धरला तर एका फेरीत ११४ मिलिसेकंद, म्हणजे ८६० मीटर. त्यामुळे घड्याळाचा फरक हा फिल्टरचा सातवा अज्ञात आकडा केला. एनईईएसची अपेक्षा आता सहा नाही, सात. हे रिपोर्टमध्ये ठळक लिहायचं, नाहीतर एक्स्टर्नल नेमकं तिथेच पकडणार.

पॅकेट हरवण्याबद्दल: ती एकेकटी हरवत नाहीत, झुंडीने हरवतात. पंधरा-वीस सलग गायब, मग बराच वेळ ठीक. आमचं सिम्युलेशन नाणं उडवून एकेक पॅकेट टाकत होतं, ते बदललं. नजरेआडच्या तुकड्यांची तयारी आधीच होती, म्हणून फिल्टरने फार त्रास दिला नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. स्पेडेक्सचे उपग्रह आज वेगळे केले. सुटतानाची टेस्ट आमच्या यादीत नव्हतीच, आता घातली: अंतर शून्यापासून सुरू, आणि कॅमेऱ्याला इतक्या जवळून ठिपका न दिसता अख्खी भिंत दिसते.

२१ मार्च, शुक्रवार

रंगपंचमीचा रंग अजून कीबोर्डवर आहे.

बार्शीवाल्याने आता एका उपग्रहाला खोटं बोलायला शिकवलंय. कोणत्या, कधीपासून, ते आम्हाला सांगत नाही. पहिली तऱ्हा: तिसऱ्याने पाठवलेलं अंतर एकदम ३० मीटरने चुकवलं. सहज पकडलं. प्रत्येक मोजमाप आत घेण्याआधी ते अपेक्षेपासून किती लांब आहे ते महालनोबिस अंतराने मोजतो, मर्यादेबाहेर असेल तर फेकतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं हे १९३६ चं माप, कोलकात्याचं, आणि आज जगभर फिल्टरच्या दारात उभं आहे.

दुसरी तऱ्हा: दर सेकंदाला एक सेंटिमीटर. हळूहळू. प्रत्येक नवीन मोजमाप मागच्यापेक्षा इतकं थोडं चुकलेलं की दारातून बिनदिक्कत आत. आत आल्यावर फिल्टरला थोडं आपल्याकडे ओढतं, त्यामुळे पुढचंही अपेक्षेच्या जवळच वाटतं. एका फेरीत पन्नास मीटरच्या वर नेलं आणि दारावर एकदाही घंटा वाजली नाही. बार्शीवाला हसत होता, "मी तर सत्यातलाच माणूस हाय."

२४ मार्च, सोमवार

हळू खोटं पकडायचा उपाय मॅडमशी बोलून ठरला. प्रत्येक बोर्डवर एक मुख्य फिल्टर आणि तीन छोटे, प्रत्येकात एक-एक शेजारी वगळलेला. तिसरा खोटं बोलत असेल तर तिसऱ्याशिवायचा फिल्टर स्वच्छ राहतो आणि मुख्य त्याच्यापासून दूर जायला लागतो. तो दुरावा मर्यादेबाहेर गेला की तिसऱ्याला बाहेर ठेवायचं.

पंढरपूरवालीने तिथेच अडवलं. "तिसऱ्याला वगळलं तरी दुसऱ्याने पाठवलेल्या अंदाजात तिसरा आहेच की." बरोबर. फेब्रुवारीतली फिरती बातमी इथेही आली. म्हणून वगळणाऱ्या फिल्टरना शेजाऱ्यांचे अंदाज द्यायचेच नाहीत, फक्त कच्ची मोजमापं द्यायची: अंतर, दोन कोन, वेळ. "मग बोलायचं कशाला" याचं उत्तरही यातच निघालं, मत सांगायला नाही तर काय पाहिलं ते सांगायला.

ईएसपी-नाऊ ही या बोर्डांची बिनतारी बोलण्याची पद्धत; तिच्या पहिल्या आवृत्तीत एका पॅकेटमध्ये २५० बाइट मावतात. आताचा सहा आकड्यांचा अंदाज आणि त्याच्या कोव्हेरियन्सचे (अनिश्चिततेच्या तक्त्याचे) २१ आकडे मिळून १०८ बाइट. कच्चं मोजमाप एका शेजाऱ्याचं २० बाइट, तिघांचं ६०. घड्याळाचा सातवा आकडा धरला तर आणखी ३२. एकूण २००, वर हेडर. बसतं. उद्या सकाळी उन्हं वर यायच्या आत चारही बोर्डांवर नवं पॅकेट चढवायचं, आणि बार्शीवाल्याने खोटं बोलण्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरवर आणायचा.